मराठीच्या जागी कचरा का दिसतो? मधला प्रॉक्सी पकडायचा कसा

हा या एपिसोडचा लिखित मजकूर. आज आकडे जरा जास्त आहेत आणि नुसतं ऐकताना ते निसटतात, म्हणून इथे नीट लिहून दिलेत. इअरफोन कानात असेल तर सोबत स्क्रोल करत या.

आजचा प्रश्न असा: एखादं मराठी पेज तुमच्या फोनवर व्यवस्थित दिसतं, आणि तीच लिंक मित्राला पाठवली की त्याच्याकडे अक्षरांऐवजी चित्रविचित्र चिन्हांचा खच पडलेला असतो. लिंक तीच, पेज तेच. मग बदललं काय? बऱ्याच वेळा बदललेला असतो रस्ता. सर्व्हरकडून फोनपर्यंत येताना मध्ये कोणीतरी ते पेज उघडलं, त्यात काहीतरी घातलं किंवा काढलं, आणि पुन्हा बांधून पुढे पाठवलं. या मधल्याला प्रॉक्सी म्हणतात.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगून टाकतो. कचरा दिसला म्हणजे मजकूर गेला असं नाही. बहुतेक वेळा मूळ मजकूर सर्व्हरवर सुखरूप असतो. तो खरा जातो कधी? तो कचरा कोणीतरी तसाच सेव्ह करतो तेव्हा. समजा गेवराईतल्या एखाद्या सेतू केंद्रात ऑनलाइन फॉर्म उघडलाय, शेतकऱ्याचं नाव आणि गाव आधीच भरून आलंय, पण कचऱ्यासारखं दिसतंय. "सर्व्हरचा प्रॉब्लेम असेल" म्हणून ऑपरेटरने सबमिट दाबलं, की दिसण्यातली चूक रेकॉर्डमधली चूक होते. मग नाव जुळत नाही म्हणून माणूस चकरा मारतो. म्हणून क्रम लक्षात ठेवा: आधी ओळखा, मग शोधा, मग दुरुस्त करा. सेव्ह सगळ्यात शेवटी.

'म' म्हणजे कॉम्प्युटरसाठी काय?

कॉम्प्युटरला 'म' कळत नाही, आकडा कळतो. युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ ते २४३१ अशा १२८ जागा दिल्यात. त्यात 'म'चा नंबर २३५०. पण नेटवर्कवरून जाताना हा नंबर जसाच्या तसा जात नाही, तो बाइटमध्ये मोडतो. एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. आज वेबवर सगळीकडे चालणारी पद्धत म्हणजे यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी ती सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत बसून आखली. या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइट घेतं. 'म' होतो २२४, १६४, १७४. 'र' होतो २२४, १६४, १७६. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांचेही वेगळे तीन-तीन बाइट. 'गेवराई' मोजा: ग, मात्रा, व, र, काना, ई. सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट.

आता गंमत बघा. युरोपातल्या भाषांसाठी एक जुनी पद्धत होती, लॅटिन-१, आणि तिचीच विंडोजवाली बहीण विंडोज-१२५२. या दोन्हींत एक बाइट म्हणजे एक अक्षर. आपला 'म' जर कोणी या पद्धतीने वाचला तर तीन बाइटची तीन वेगळी अक्षरं दिसतात: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग ¤, मग ®. 'र' वाचला तर तोच ए, तेच ¤ आणि शेवटी °. म्हणजे कचरा दिसतो तो रँडम नसतो. तो नियमात बसलेला असतो, आणि म्हणूनच तो उलटा फिरवता येतो.

कचऱ्याचे पाच प्रकार

डॉक्टर आधी जीभ बघतो, तसं आपण आधी कचरा बघायचा. नुसत्या रूपावरून अर्धं निदान होतं.

पहिला: रिकामे चौकोन. इथे बाइट बरोबर आहेत, फोनमध्ये देवनागरी फॉन्ट नाही. प्रॉक्सीला दोष देऊ नका.

दुसरा: रेघवाला 'ए', त्यापुढे कधी ¤ तर कधी ¥, हे परत परत. यूटीएफ-८ मजकूर लॅटिन-१ समजून वाचला गेलाय. डेटा शाबूत असण्याची शक्यता मोठी. आजचा आपला मुख्य पेशंट हाच.

तिसरा: काळ्या हिऱ्यात प्रश्नचिन्ह, �. इथे वाचणाऱ्याला बाइटचा अर्थच लागला नाही. हे तुमच्या ब्राउझरने केलं असेल तर मूळ मजकूर अजून आहे. मध्ये कोणीतरी करून पुढे पाठवलं असेल तर तेवढी अक्षरं गेली.

चौथा: साधी प्रश्नचिन्हं, ????. हा वाईट प्रकार. कोणीतरी मराठी मजकूर अशा पद्धतीत कोंबला जिच्यात मराठी अक्षरंच नाहीत. प्रत्येक अक्षराचं एकसारखं ? झालं, आता कुठलं ? कशाचं ते कोणीच सांगू शकत नाही.

पाचवा: अर्थ नसलेली पण साधी रोमन अक्षरं. 'मराठी'च्या जागी ई, जे, के, बी, एच असं काहीतरी दिसतं. हा कृतिदेवसारखा जुना फॉन्ट आहे. युनिकोड रुळण्याआधी रोमन अक्षरांवरच मराठीचे आकार चढवायची पद्धत होती. तो फॉन्ट नसेल तर खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. याला कन्व्हर्टर लागतो, एन्कोडिंग बदलून काही होत नाही.

मध्ये असतं कोण?

तुम्ही म्हणाल, आमच्या फोनवर कुठला प्रॉक्सी? तर ऐका.

ज्यांच्या घरात जुना बटणाचा नोकिया होता त्यांना ऑपेरा मिनी आठवेल. जगभर ते आलं २००६ मध्ये. त्याची सगळी गंमत प्रॉक्सीतच होती. पेज आधी ऑपेराच्या सर्व्हरवर जायचं, तिथे त्याचा आकार कमी व्हायचा, आणि ऑपेराच्या स्वतःच्या फॉरमॅटमध्ये फोनवर यायचं. टू-जीवर पेज उघडायचं ते त्यामुळेच. पण त्या फोनमध्ये देवनागरी नसायची, चौकोन दिसायचे. त्यावर ऑपेरातच एक लपलेली सेटिंग होती: अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरा. ती चालू केली की प्रॉक्सी मराठी मजकुराचं चित्र बनवून पाठवायचा. वाचता यायचं, पण ते अक्षर राहायचं नाही, फोटो व्हायचा. म्हणजे पेज बदलणारा प्रॉक्सी नेहमी व्हिलन नसतो. इथे तर त्यानेच मराठी दाखवली.

उलटी बाजूही आहे. जून २०१५ मध्ये बंगळुरूच्या एका प्रोग्रॅमरला दिसलं की एअरटेलच्या थ्री-जीवरून पेज उघडलं की त्यात मूळ साइटवर नसलेला जावास्क्रिप्ट कोड येतोय. कंपनीचं म्हणणं होतं की ग्राहकांच्या डेटा वापराचा अंदाज यावा म्हणून ती चाचणी होती. त्यात अक्षरं बिघडली असं नाही, पण मधला माणूस पेज उघडून त्यात लिहू शकतो हे सगळ्यांना कळलं. गूगलनेही त्याच वर्षी स्लो नेटवर्कसाठी वेब लाइट आणलं होतं, तेही पेज हलकं करून द्यायचं. २०२२ मध्ये ते बंद झालं.

आता जवळपास सगळ्या साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे पेज कुलूपबंद पाकिटात येतं. मोबाइल कंपनीला ते उघडून लिहिता येत नाही. मग प्रश्न संपला? नाही, जागा बदलली. आता पेज बदलणारे प्रॉक्सी तीन ठिकाणी सापडतात. एक, साइटच्याच बाजूला, मुख्य सर्व्हरच्या पुढे उभा केलेला रिव्हर्स प्रॉक्सी. दोन, कॉलेज किंवा ऑफिसचं फिल्टर, जे स्वतःचं सर्टिफिकेट मशीनमध्ये टाकून पाकीट उघडतं. तीन, तुम्ही स्वतः चालू केलेली डेटा सेव्हर किंवा भाषांतर सेवा.

प्रॉक्सी नेमकं काय चुकवतो?

एक: लेबल बदलतो. पेज कुठल्या एन्कोडिंगमध्ये आहे हे दोन ठिकाणी लिहिलेलं असतं, पाकिटावर म्हणजे हेडरमध्ये, आणि आत मेटा टॅगमध्ये. दोन्हींत भांडण झालं तर ब्राउझर हेडरचं ऐकतो. साइटवाल्याने आत यूटीएफ-८ लिहिलंय, पण प्रॉक्सीने बाहेर स्वतःहून लॅटिन-१ चिकटवलं, की झाला कचरा. ही सवय आली कुठून? एचटीटीपीच्या १९९९ च्या नियमांत लिहिलेलं होतं की काही सांगितलं नसेल तर मजकूर लॅटिन-१ समजा. २०१४ च्या नव्या नियमांत ते वाक्य काढलं, पण जुन्या कॉन्फिग फायली अजून चालूच आहेत.

दोन: मेटा टॅग खाली ढकलतो. ब्राउझर तो टॅग पहिल्या १०२४ बाइटमध्ये शोधतो. प्रॉक्सीने पेजच्या अगदी वर लांबलचक स्क्रिप्ट घातली की टॅग त्या हद्दीबाहेर जातो. हेडरमध्येही काही नसेल तर ब्राउझर अंदाज लावत बसतो.

तीन: तुकडे करून वाचतो. समजा प्रॉक्सी एका वेळी ८१९२ बाइट उचलतो आणि प्रत्येक तुकड्याचं वेगळं अक्षरांत रूपांतर करतो. ८१९२ ला ३ ने भाग जात नाही, २ उरतात. त्यामुळे तुकड्याच्या टोकाला एखादं मराठी अक्षर मधोमध कापलं जाऊ शकतं. दोन बाइट इकडे, एक तिकडे. पेज सगळं नीट, पण ठराविक अंतराने एकदोन � दिसत असतील तर हाच संशयित.

चार: लांबी चुकवतो. पेज बदललं की त्याची नवी लांबी बाइटमध्ये सांगावी लागते. प्रॉक्सी लिहिणाऱ्याने बाइटऐवजी अक्षरं मोजली तर 'गेवराई' १८ ऐवजी ६ होते. इंग्रजी पेजवर ही चूक कधी कळतच नाही, कारण तिथे एक अक्षर म्हणजे एकच बाइट. मराठी पेज मात्र अर्ध्यातच तुटतं.

या सगळ्यांपेक्षा जड चूक म्हणजे दुहेरी एन्कोडिंग. प्रॉक्सी यूटीएफ-८ पेज लॅटिन-१ समजून वाचतो आणि परत यूटीएफ-८ करून पाठवतो. 'म'चे तीन बाइट सहा होतात. आता लेबलही बरोबर, बाइटही नियमात, तरी दिसतो कचराच. ब्राउझरमध्ये एन्कोडिंग बदलून हा जात नाही. उलटी प्रक्रिया करूनच काढावा लागतो.

तालुका आणि जिल्हा आधी तुटतात

उलटी प्रक्रिया प्रत्येक वेळी पूर्ण जमते का? नाही. आणि इथे मराठीचं खास दुखणं आहे, ते नीट ऐका.

विंडोज-१२५२ मध्ये २५६ जागांपैकी पाच रिकाम्या आहेत: १२९, १४१, १४३, १४४ आणि १५७. ब्राउझर या जागा अदृश्य चिन्ह मानून पुढे जातात, काही बिघडत नाही. पण बरेच प्रोग्रॅम तिथे अडतात, किंवा त्या बाइटच्या जागी ? ठेवून मोकळे होतात. आता बघा, आपल्या कुठल्या अक्षरांचा शेवटचा बाइट या पाचांत येतो. १२९ म्हणजे पहिला उकार आणि चंद्रबिंदू. १४१ म्हणजे हलन्त. १४३ म्हणजे ए. १४४ म्हणजे ऐ आणि ॐ. १५७ म्हणजे झ.

हलन्त! म्हणजे आपली सगळी जोडाक्षरं.

आता पत्ता लिहा: तालुका गेवराई, जिल्हा बीड. अशा प्रॉक्सीतून गेल्यावर उलटं फिरवलं तर 'गेवराई' आणि 'बीड' जसेच्या तसे परत येतात. 'तालुका'चा उकार जातो आणि 'जिल्हा'चा हलन्त. आपल्याच तालुक्यातलं गोदाकाठचं राक्षसभुवन घ्या, जिथे १७६३ ची मराठे आणि निजामाची लढाई झाली. त्यात हलन्तही आहे, उकारही आहे. दहा चिन्हांपैकी दोन गेली.

आणखी दोन छुपे धोके. 'ठ'चा शेवटचा बाइट १६०, आणि लॅटिन-१ मध्ये १६० म्हणजे न तुटणारी स्पेस. पेजमधल्या जादा स्पेस काढणारा प्रॉक्सी ती साफ करून टाकू शकतो. 'भ'चा शेवटचा बाइट १७३, तो तिथे न दिसणारी संयोगरेषा. अदृश्य चिन्हं काढणाऱ्या फिल्टरने तोही जाऊ शकतो. म्हणजे 'मराठी भाषा' एवढे दोन शब्द लिहिले तरी दोन्हींत धोका.

असे फिल्टर कचरा नसलेल्या नीट पेजवरही घोळ घालतात. आपला अर्धचंद्री र काही कीबोर्ड एका अदृश्य जोडचिन्हाच्या मदतीने लिहितात. फिल्टरने ते चिन्ह 'फालतू' म्हणून काढलं की 'दऱ्या'चा 'दर्या' होतो. डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र. कुठेही � नाही, ? नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही येत नाही.

शोधायचं कसं? पाच पायऱ्या

१. रस्ता बदला. तीच लिंक वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये, डेटा सेव्हर आणि भाषांतर बंद करून. एका रस्त्यावर नीट आणि दुसऱ्यावर कचरा, म्हणजे मूळ पेज चांगलं आहे आणि दोष मध्ये आहे. सगळीकडे कचरा असेल तर दोष साइटच्या बाजूचा.

२. लिंकच्या सुरुवातीला एचटीटीपी आहे की एचटीटीपीएस ते बघा. साधं एचटीटीपी असेल तर मधल्या कोणालाही हात घालता येतो.

३. हेडर वाचा. फोनवर टर्मक्स असेल तर कर्ल कमांड, पुढे डॅश आणि कॅपिटल आय, मग लिंक. कंटेंट-टाइप या ओळीत चारसेट काय लिहिलंय ते बघा. आणि 'व्हाया' नावाची ओळ शोधा. एसटीच्या पाटीवर 'पाचोड मार्गे' लिहिलेलं असतं ना, तेच हे. नियमाप्रमाणे प्रॉक्सीने इथे स्वतःचं नाव लिहायचं असतं. सगळेच लिहितात असं नाही, पण लिहिलं असेल तर चोर हातात.

४. दोन्ही रस्त्यांनी पेज उतरवून घ्या आणि साइज बघा. प्रॉक्सीवालं जवळपास दुप्पट झालं असेल तर दुहेरी एन्कोडिंगचा संशय. अर्ध्यात संपलं असेल तर लांबीची चूक. साइज सारखीच आणि तरी कचरा असेल तर आधी लेबल तपासा.

५. एका ओळीवर उलटा प्रयोग करा, आणि तो कॉपीवरच. पायथनमध्ये तो कचरा लॅटिन-१ म्हणून एन्कोड करायचा आणि यूटीएफ-८ म्हणून डिकोड करायचा. मजकुरात € दिसत असेल तर लॅटिन-१ च्या जागी विंडोज-१२५२ घ्या, कारण € लॅटिन-१ मध्ये नाहीच. दीर्घ वेलांटीचा शेवटचा बाइट १२८, विंडोजमध्ये तेच €, म्हणून मराठी कचऱ्यात ते खूप दिसतं. एफटीएफवाय नावाची पायथन लायब्ररी हे सगळं स्वतः ओळखून करते. ओळ नीट झाली की थांबा आणि 'ए', 'झ', उकार, जोडाक्षरं मुद्दाम तपासा. ती शाबूत असतील तरच पूर्ण फाइलला हात लावा.

सर्व्हर तुमच्या हातात असेल तर

तुमच्यापैकी काही जण ग्रामपंचायतीची, शाळेची किंवा दुकानाची साइट सांभाळत असाल. तुमच्यासाठी चार गोष्टी.

हेडरमध्ये चारसेट यूटीएफ-८ स्पष्ट लिहा, आणि मेटा टॅग हेडच्या पहिल्या ओळीत ठेवा. पेजला कोणी हात लावू नये असं वाटत असेल तर कॅश-कंट्रोलमध्ये नो-ट्रान्सफॉर्म लिहा. नियम पाळणारे प्रॉक्सी मग पेज तसंच पुढे देतात.

एनजिंक्सने पेजमधला मजकूर बदलत असाल तर मागच्या सर्व्हरकडून पेज झिप न होता येऊ द्या. झिप झालेल्या पेजमध्ये त्याला शब्द सापडतच नाहीत.

आणि पेज बदलायचंच असेल तर अक्षरांत न वाचता बाइटवरच बदला. यूटीएफ-८ मध्ये मराठीचा प्रत्येक बाइट १२८ किंवा त्याहून मोठा असतो, आणि इंग्रजी अक्षरं, आकडे, लिंक हे सगळं १२८ च्या खाली. त्यामुळे बाइटमध्ये लिंक शोधून दुसरी लिंक घातली तर ती चुकूनही मराठी अक्षराच्या पोटात घुसत नाही. डिकोड करायचंच नाही, तर चुकीचं डिकोड होणार कुठून?

शेवटची, डेटाबेसची. मायएसक्यूएलमध्ये २०१८ च्या ८.० आवृत्तीपर्यंत न सांगता मिळणारी पद्धत लॅटिन-१ च होती. जुना डेटाबेस असेल तर टेबल आणि कनेक्शन दोन्ही तपासा. तिथे ???? बसले की बॅकअपशिवाय इलाज नाही.

पुढच्या वेळी सेतूमध्ये, बँकेच्या साइटवर किंवा निकालाच्या पेजवर नावाच्या जागी ¤ आणि ¥ ची रांग दिसली तर ऑपरेटरला एवढंच म्हणा: "दादा, सबमिट करू नका, आधी दुसऱ्या नेटवर उघडून बघा." अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

तुमच्याकडे असा कचरा दिसला असेल तर स्क्रीनशॉट पाठवा, फक्त नाव आणि आधार नंबर झाकून. पुढच्या एपिसोडमध्ये त्यातले दोन-तीन सोबत सोडवू. भेटूया.